तुरुंगाच्या आधीची गोष्ट

मुंबई उच्च न्यायालयाने १७ जुलै १८८२ रोजी 'केसरी'चे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि 'मराठा'चे संपादक बाळ गंगाधर टिळक यांना चार-चार महिन्यांची साधी कैद सुनावली. मुदत संपण्याआधीच, २६ ऑक्टोबरला, दोघे डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर आले. दोघेही सव्वीस वर्षांचे होते. सुटून आलेल्या या तरुणांना लोकांनी डोक्यावर घेतले. पुढे आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिले. मराठी पत्रकारांनी स्वतःविषयी काय लिहून ठेवले याचा शोध घेऊ पाहणाऱ्याला पहिला मुक्काम या पुस्तकापाशीच करावा लागतो.

शिक्षा कशासाठी झाली, हे मात्र आपण दोन वाक्यांत उरकतो. कोल्हापूरच्या गादीवरच्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवले जात आहे, त्यांचा छळ होत आहे आणि यामागे कारभारी रावबहादूर बर्वे आहेत, असा बोलबाला तेव्हा होता. बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रे पुण्यात आली. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी त्यांच्या आधारे बर्व्यांवर उघड आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी खटला थांबला नाही. मराठी पत्रकारितेतला पहिला मोठा तुरुंगवास घडला तो पुरावा तपासण्यात झालेल्या चुकीमुळे.

पुढचे वर्ष ही गोष्ट आणखी अवघड करून ठेवते. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, ब्रिटिशांच्या पहाऱ्यात असलेल्या या तरुण राजाचा मृत्यू झाला. त्याआधी पहाऱ्यावरच्या एका गोऱ्या शिपायाशी त्यांची झटापट झाली होती. म्हणजे महाराजांच्या जिवाविषयी पुण्याच्या दोन संपादकांना वाटलेली काळजी खरी होती. खोटा होता तो त्यांच्या हातात पडलेला कागद. प्रश्न खरा, पुरावा खोटा, ही पत्रकाराच्या धंद्यातली सगळ्यांत जीवघेणी परिस्थिती आहे. आजही रोज कुठल्या ना कुठल्या वृत्तकक्षात कोणीतरी तिच्यात सापडलेला असतो. ती पत्रे कोणी आणली? हस्ताक्षर कोणी ताडून पाहिले? शंका कोणी काढली आणि ती कोणी बाजूला सारली? छापायचे असे ठरले त्या रात्री कोण काय बोलले? मला त्या १०१ दिवसांइतकेच, खरे तर त्यांच्याहून अधिक, या दिवसांचे कुतूहल आहे. आपल्या सामूहिक आठवणीत मात्र तुरुंगाचे दार तेवढे उरले.

पत्रकारांच्या चरित्र-आत्मचरित्रांविषयी माझे म्हणणे याच ठिकाणी सुरू होते. आपण या माणसांची आयुष्ये धैर्याच्या मापाने मोजली आणि त्यांच्या कामाचे खरे माप बाजूला ठेवले. बातमी हाती कशी आली, ती कशी तपासली, काय छापले आणि काय दाबले, कागदाचे आणि पगाराचे पैसे कोठून आले, चूक झाली तेव्हा काय केले, हा पत्रकाराच्या आयुष्याचा गाभा आहे. तो आपल्या जीवनकथांमध्ये फार थोडा सापडतो. आयुष्यभर दुसऱ्यांकडे हिशेब मागणाऱ्या माणसाने स्वतःचा हिशेब लिहून ठेवला पाहिजे, अशी माझी अपेक्षा आहे आणि ती मला अवाजवी वाटत नाही.

असे का झाले, हे समजण्यासारखे आहे. १८९७ साली टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ साली सहा वर्षांची झाली आणि ते मंडालेला गेले. त्याच वर्षी 'काळ'चे शिवरामपंत परांजपे तुरुंगात गेले आणि पुढे वृत्तपत्र कायद्याखाली जामीन मागून 'काळ' बंद पाडला गेला. सरकार एका अग्रलेखासाठी माणसाला काळ्या पाण्याइतके दूर धाडू शकत होते, तेव्हा लिहिणाऱ्याची छाती किती रुंद हाच प्रश्न समाजाने विचारणे साहजिक होते. त्या धैर्याचे मोल कमी करण्याची माझी तयारी नाही. पण परिस्थिती बदलल्यावरही माप तेच राहिले. स्वातंत्र्यानंतर लिहिलेल्या आठवणींमध्येही लेखक आपल्या आयुष्यातला एखादा तुरुंग शोधताना दिसतो. कोणाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सापडतो, कोणाला आणीबाणीत. ज्याला तोही सापडत नाही, तो मुख्यमंत्र्यांच्या भेटीगाठी सांगत बसतो. निवृत्त संपादकांची अशी कित्येक पुस्तके आहेत, ज्यांत प्रत्येक प्रकरणात एक पुढारी येतो, लेखकाला आदराने चहा पाजतो आणि एखादी आतली गोष्ट सांगून जातो. ती पुस्तके वाचून त्या पुढाऱ्यांविषयी थोडे कळते. दैनिक रात्री दोन वाजता कसे तयार होते आणि पहिल्या पानावरची बातमी अखेरच्या क्षणी का बदलली जाते, याविषयी काहीच कळत नाही.

आणखी एक अडचण जुन्या वृत्तपत्रांच्या घडणीतच होती. अग्रलेखाखाली नाव नसे. संपादक 'आम्ही' म्हणून लिहीत असे, आणि त्या 'आम्ही'च्या मागे एकाहून अधिक हात असत. 'केसरी'तला कोणता मजकूर कोणाचा, यावर अभ्यासकांचे वाद झाले ते त्यामुळेच. कायद्याच्या दृष्टीने ही पद्धत उदात्त होती, कारण लिहिणारा कोणीही असो, संपादक जबाबदारी अंगावर घेई. चरित्रकारासाठी मात्र तिने मोठी पोकळी ठेवली. 'केसरी'च्या दोन मोठ्या संपादकांत वितुष्ट कसे आले, आगरकर १८८७ साली 'केसरी'तून का बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' का काढला, याची उत्तरे केवळ छापील अंकांत मिळत नाहीत. य. दि. फडके यांनी 'शोध बाळ-गोपाळांचा' लिहिताना या दोघांच्या संबंधांकडे पुतळ्यांना हार घालायच्या दृष्टीने पाहिले नाही. त्यांनी पत्रे, तारखा, कागद यांचा आधार धरला. त्यांचे पुस्तक वाचताना टिळकही माणूस वाटतात आणि आगरकरही, आणि दोघांपैकी कोणीही लहान होत नाही. मराठीत पत्रकाराचे चरित्र कसे लिहावे, याचा एक नमुना आपल्याकडे तेव्हापासून आहे. त्याच्या मागे फार लोक गेले नाहीत, ही खंत आहे.

आपल्याकडे चरित्र बहुधा वारसदार लिहितो. टिळकांचे त्रिखंडात्मक चरित्र न. चिं. केळकरांनी लिहिले. केळकर स्वतः 'केसरी'चे संपादक होते. आगरकर-टिळक वादात त्यांची संस्था कोणत्या बाजूची होती हे सांगायला नको. केळकरांची विद्वत्ता आणि त्यांनी जमवलेले साहित्य यांविषयी मनात आदर ठेवूनही म्हणावे लागते, की गादीवर बसलेल्या माणसाने गादीच्या संस्थापकाचे चरित्र लिहिणे ही चरित्रशास्त्राच्या दृष्टीने सुखाची गोष्ट नाही. शिष्य, कन्या, पुत्र, जावई यांनी लिहिलेल्या पुस्तकांनाही हेच लागू आहे. शिरीष पै यांचे 'वडिलांचे सेवेशी' वाचावे ते मुलीच्या डोळ्यांना दिसलेल्या आचार्य अत्र्यांसाठी. अत्र्यांच्या 'मराठा' दैनिकाचा कारभार समजून घेण्यासाठी आपल्याला वेगळ्या पुस्तकाची गरज आहे, आणि ते कन्येने लिहावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. खुद्द अत्र्यांच्या 'कऱ्हेचे पाणी'चे खंड मोठ्या हौसेने वाचले जातात. पण नाटककार, शिक्षक, चित्रपटनिर्माता, वक्ता, आमदार आणि संपादक एकाच देहात वावरत असल्यावर संपादकाच्या वाट्याला एक खोलीच येते.

कामाचा हिशेब न सांगण्याच्या या रिवाजाला एक लखलखीत अपवाद मी मानतो, तो प्रबोधनकार ठाकऱ्यांचा. केशव सीताराम ठाकरे यांनी १९२१ साली 'प्रबोधन' पाक्षिक सुरू केले आणि आयुष्याच्या अखेरीस 'माझी जीवनगाथा' सांगितली. त्यांच्या सामाजिक मतांविषयी आणि भाषेच्या धारेविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला त्या पुस्तकात मोलाचे वाटते ते पोटापाण्याचे वर्णन. नोकऱ्या, धंदे, छापखान्याची धडपड, दादरहून सातारा रोड आणि तेथून पुणे असे फिरलेले बिऱ्हाड, विश्वासाने दिलेले आणि न पाळले गेलेले शब्द. विचारांचे नियतकालिक चालवणाऱ्या माणसाला पहिली लढाई छपाईच्या बिलाशी लढावी लागते, हे त्यांनी न लाजता सांगितले. ते सांगितल्याने त्यांचा विचार लहान झाला नाही. उलट तो कोणत्या किमतीला छापला जात होता, ते आपल्याला समजले.

पैशाची ही बाजू समजून घेतल्याशिवाय मराठी वृत्तपत्रांचा इतिहास अर्धाच राहतो. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले, त्याला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी'ने नकार दिला, ही गोष्ट पुढे बाबासाहेबांनीच नोंदवली. एका पत्राची जाहिरात दुसऱ्या पत्राने का नाकारली, हा निर्णय कार्यालयात कोणी घेतला, त्यावर कोणी हरकत घेतली का, याचे उत्तर त्या काळच्या एखाद्या उपसंपादकाच्या आठवणींत मिळाले असते तर ते शंभर अग्रलेखांहून मोलाचे ठरले असते. चांगदेव खैरमोड्यांनी आंबेडकरांच्या चरित्राचे अनेक खंड रचताना पत्रव्यवहार आणि आठवणी जिवापाड जमवल्या, म्हणून निदान एका बाजूचे कागद आपल्यापर्यंत पोहोचले.

आणि ज्यांना खैरमोडे मिळाले नाहीत त्यांचे काय? १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' काढले. ते पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवले. लोखंडे १८९७च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेले. नंतर वासुदेवराव बिर्जे यांनी ते सांभाळले आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी काही वर्षे संपादन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी एक बाई मराठी साप्ताहिकाची संपादक आहे, अग्रलेख लिहिते आहे, अंक वेळेवर निघावा म्हणून धडपडते आहे! तिच्या एका दिवसाचे वर्णन तिच्या हातचे मिळाले असते तर आपल्या भाषेची श्रीमंती केवढी वाढली असती. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यात राहून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' १९१० पासून १९६७ पर्यंत चालवले. सत्तावन्न वर्षे. पुण्या-मुंबईच्या संपादकांनी यापेक्षा कितीतरी थोड्या कालावधीवर जाडजूड ग्रंथ लिहिले. खेड्यातून साप्ताहिक काढताना शाई कोठून येई, पावसाळ्यात टपाल कसे जाई, वर्गणी थकवणाऱ्या शेतकऱ्याला मुकुंदराव काय लिहीत, ही त्या पत्रकारितेची खरी कथा आहे. आत्मचरित्र लिहायला निवांतपणा लागतो, प्रकाशक लागतो, आणि आपले आयुष्य इतरांना वाचावेसे वाटेल हा विश्वास लागतो. या तिन्ही गोष्टींची वाटणी समाजात जशी झाली, तशीच आत्मचरित्रांची झाली.

बाहेर पाहिले तर दोन पुस्तके माझ्या म्हणण्याला बळ देतात. पहिले कॅथरिन ग्रॅहम यांचे 'पर्सनल हिस्टरी'. ते १९९७ साली आले आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. जून १९७१ मध्ये त्यांच्या 'वॉशिंग्टन पोस्ट' कंपनीचे समभाग बाजारात आले. त्याच आठवड्यात व्हिएतनाम युद्धाविषयीची गुप्त सरकारी कागदपत्रे छापायची की नाही हा निर्णय त्यांना घ्यावा लागला. 'न्यूयॉर्क टाइम्स'वर तोवर न्यायालयाची बंदी आलीच होती. मालकीणबाईंनी छापा म्हटले. त्या निर्णयाचे धैर्य आपल्याला मोजता येते, कारण पणाला लागलेला पैसा आणि त्याची धास्ती त्यांनी सांगितली आहे. वकील काय म्हणाले, सल्लागार का घाबरले, फोनवर उत्तर देताना आपली अवस्था काय झाली, हे त्यांनी लपवले नाही.

दुसरे पोलंडचे. रिशार्द कापुश्चिन्स्की हे जगभर वाचले गेलेले वार्ताहर २००७ साली वारले. तीन वर्षांनी त्यांचे चरित्र लिहिले आर्तुर दोमोस्लाव्स्की या त्यांच्याच स्नेह्याने, त्यांना गुरू मानणाऱ्या पत्रकाराने. गुरूने लिहिलेल्या घटना त्याने ताडून पाहिल्या, त्यांतल्या काही पटण्याजोग्या नाहीत असे मांडले, आणि कम्युनिस्ट राजवटीच्या गुप्तचर यंत्रणेशी आलेला त्यांचा संबंधही लिहिला. पुस्तक थांबवावे म्हणून कापुश्चिन्स्कींच्या पत्नी न्यायालयात गेल्या. पोलंडमध्ये मोठा गदारोळ झाला. कापुश्चिन्स्की त्यानंतरही वाचले जातात. मराठीत एखाद्या शिष्याने एखाद्या थोर संपादकाच्या गाजलेल्या लेखमालेची अशी तपासणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. त्या शिष्याला आपण कृतघ्न ठरवू, हे आधीच ठाऊक असल्याने कोणी धजत नसावे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पत्रकाराने माहिती देणाऱ्याचे नाव फोडायचे नसते, मग त्याने सगळे सांगायचे तरी कसे? हा धर्म मला मान्य आहे. पण सूत्राचे नाव न घेता पद्धत सांगता येते. बातमी किती जणांकडून पक्की केली, कोणत्या कागदावर विसंबलो, कोणता फोन आल्यावर ती मागे घेतली, हे सांगितल्याने कोणाचा विश्वासघात होत नाही. तीस-चाळीस वर्षे उलटल्यावर, संबंधित माणसे निघून गेल्यावर तर नाहीच नाही. मौनाचे खरे कारण बहुतेकदा वेगळे असते. मालकाशी संबंध बिघडतील, जुना सहकारी दुखावेल, आपल्या नावावरची एखादी गाजलेली बातमी दुसऱ्याचीच होती हे बाहेर येईल. म्हणूनच असावे, मराठी पत्रकारांनी सत्ता आणि वृत्तपत्र यांच्या नात्याविषयी जे सर्वांत खरे लिहिले ते कादंबरीत लिहिले. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'मधून मंत्रालय आणि वृत्तपत्रांचे जग जेवढे कळते तेवढे कोणत्या आठवणींच्या पुस्तकातून कळते? कादंबरीने ही जबाबदारी उचलली हे तिचे ऋण आहे. पण कादंबरीतला पत्रकार दिगू टिपणीस साक्षीला उभा राहत नाही. त्याच्या नावापुढे तारीख नसते.

डोंगरीच्या पुस्तकानंतर सुमारे १३७ वर्षांनी मुंबईच्याच आणखी एका तुरुंगाविषयी एका पत्रकाराने पुस्तक लिहिले. ११ जून २०११ रोजी पवईत गुन्हेवार्ताहर ज्योतिर्मय डे यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्या प्रकरणात जिग्ना व्होरा या गुन्हेवार्ताहराला त्याच वर्षी अटक झाली. कित्येक महिने त्या भायखळ्याच्या तुरुंगात होत्या. २०१८ साली न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, आणि २०१९ साली त्यांचे इंग्रजी आत्मकथन आले. त्यावर पुढे मालिकाही निघाली. एरवी पोलिसांकडून माहिती मिळवणारी वार्ताहर पोलिसांनी दिलेल्या माहितीचा विषय झाली, आणि तिच्याविषयीचा कच्चा, न तपासलेला मजकूर तिच्याच व्यवसायबंधूंनी दिवसेंदिवस छापला. १८८२ साली संपादकांनी दुसऱ्याविषयीचा कागद न तपासता छापला आणि स्वतः तुरुंगात गेले. २०११ साली तुरुंगात गेलेल्या पत्रकाराविषयीचे कागद न तपासता छापणारे घरीच राहिले. त्यांतल्या कोणी आठवणी लिहिल्या, तर त्या बातम्यांचे प्रकरण त्यांत असावे असे मला मनापासून वाटते.

ज्यांना काही लिहून ठेवायला सवड मिळाली नाही त्यांचेही चरित्र कोणी लिहिले पाहिजे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांना एका जीपने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्या भागातल्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी ते लिहीत होते. ज्याच्याविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्याच गृहस्थावर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. तालुक्याच्या ठिकाणचा वार्ताहर काय मानधनावर जगतो, बातमीबरोबर जाहिरातीही त्यालाच का आणाव्या लागतात, गावातल्या बलवानाविरुद्ध लिहून रात्री त्याच गावात झोपताना त्याच्या घरच्यांना काय वाटते, हे शहरातल्या संपादकाच्या आत्मचरित्रात कधीच येणार नाही. ते लिहायचे तर राजापूरला जावे लागेल, अंक चाळावे लागतील, सहकाऱ्यांशी बोलावे लागेल. वारिशे यांचे चरित्र पोलिसांच्या आरोपपत्रापुरते उरता कामा नये.

म्हणून विनंती आहे, आणि ती ज्यांच्या हातात अजून वेळ आहे त्यांना आहे. तुम्ही चाळीस वर्षे वार्ताहर, उपसंपादक किंवा मुद्रितशोधक म्हणून काम केले असेल, तर पुढाऱ्यांच्या आठवणी थोड्या कमी लिहा. न छापलेल्या बातम्यांविषयी, चुकलेल्या बातम्यांविषयी, पगाराविषयी, रात्रपाळीविषयी आणि मालकाच्या फोनविषयी लिहा. आणि तुमच्या घरात आजोबा-पणजोबांनी चालवलेल्या साप्ताहिकाची बांधीव फाइल, वर्गणीदारांची वही, कागद-शाईची बिले पडलेली असतील, तर ते सगळे रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयाला दाखवा. पुढच्या चरित्रकाराला सुरुवात त्या वहीपासूनच करावी लागणार आहे.